आई-बाबांना छोट्या विमानाने जैसलमेर दाखवायचंय: आखणी कशी करावी

निपाणीहून एका मुलाने विचारलंय: येत्या डिसेंबरात आई-बाबांच्या लग्नाला ४० वर्षं होतात. बाबा ७१ वर्षांचे, सैन्यातून निवृत्त झालेले, बीपीची गोळी चालू आहे. आई ६५ वर्षांच्या, गुडघे दुखतात. दोघांनीही वाळवंट पाहिलेलं नाही आणि बाबांना लोंगेवाला एकदा डोळ्यांनी बघायचंय. बेळगावहून छोटं खाजगी विमान ठरवून दोघांनाच तीन दिवस जैसलमेरला पाठवलं तर? खर्च किती, काळजी कसली घ्यायची, आणि एवढे पैसे घालण्यात अर्थ आहे का?

माझी उमेदीची वर्षं चार्टर, म्हणजे भाड्याने ठरवलेली, विमानं चालवण्यात गेली. आता बेळगावात असतो आणि असे प्रश्न आले की मनापासून उत्तर देतो, कारण या विषयात लोकांना विमानाचे फोटो पुष्कळ दाखवले जातात आणि उपयोगाचं फार कमी सांगितलं जातं.

तुमच्या बाबतीत अर्थ आहे, आणि त्याचं कारण आईंचे गुडघे. नेहमीच्या विमानाने जायचं तर सांबऱ्याहून, म्हणजे बेळगावच्या विमानतळावरून, आधी मुंबई, अहमदाबाद किंवा दिल्ली, तिथे टर्मिनलमधली लांबलचक चाल, काही तासांची वाट आणि मग जैसलमेरचं विमान. ते विमानही मुख्यतः हिवाळ्याच्या मोसमातच असतं. नाहीतर जोधपूरला उतरून पुढे साधारण २८० किलोमीटर गाडीने. जाण्यात एक दिवस, येण्यात एक दिवस. चार्टरमध्ये सुरक्षा तपासणी झाली की गाडी विमानाशेजारी नेऊन सोडते आणि तीन तासांत माणूस जैसलमेरात असतो. तुम्ही पैसे मोजणार आहात ते या वाचलेल्या दिवसांसाठी. त्यामुळे सगळी आखणी दिवसाच्या उजेडावर करा. विमान कुठलं, हा प्रश्न त्यानंतरचा.

आधी तारीख बघू. डिसेंबर म्हणजे आपल्याकडे बेळगावात कर्नाटक विधिमंडळाचं अधिवेशन. सुवर्ण विधानसौधमध्ये कामकाज चालू असलं की मंत्र्यांची, पुढाऱ्यांची विमानं सांबऱ्याला येत-जात राहतात, विमान उभं करायला जागेची ओढाताण होते, हॉटेलं भरलेली असतात आणि रस्त्यावर पोलिसांचा बंदोबस्त. त्या आठवड्यांत सांबऱ्याहून सकाळची नेमकी वेळ पाळता येईल याची खात्री मी देणार नाही. तुम्ही निपाणीचे, तर कोल्हापूरचं उजळाईवाडी विमानतळ तुम्हाला सांबऱ्याच्या जवळजवळ निम्म्या अंतरावर आहे. तिथून जैसलमेरही सरळ रेषेत सुमारे १०० किलोमीटरने जवळ पडतं. धावपट्टी सांबऱ्याची लांब आहे, २,३०० मीटर. पण तुम्ही घेणार त्या आकाराच्या विमानाला कोल्हापूरची धावपट्टीही पुरते. म्हणून दोन्हीकडचे भाव मागवा. अधिवेशनाचे दिवस असतील तर कोल्हापूर, एरवी सांबरा, असं माझं मत. एक मात्र बघा: महाराष्ट्र एकीकरण समितीच्या महामेळाव्याच्या दिवशी कोगनोळी नाक्यावर गाड्या अडवल्या जातात आणि निपाणीहून कोल्हापूरला जायची वाट तीच. तो एक दिवस टाळायचा.

डिसेंबरचा शेवट आणि जानेवारीचे पहिले आठवडे यांत आणखी एक अडचण असते, तिच्याकडे कुणी लक्ष देत नाही. बेळगावात भाड्याने मिळणारं विमान बहुधा उभं नसतं. ते मुंबई, बंगळूर, हैदराबाद किंवा दिल्लीहून रिकामं येतं. दिल्लीला त्या दिवसांत पहाटेचं दाट धुकं पडतं. इकडे निपाणीत लख्ख ऊन आणि तुमचं विमान दिल्लीच्या धुक्यात अडकलेलं, असं होऊ शकतं. सकाळी ९ ला निघायचं ते दुपारी १ ला निघालं, तर पहिल्या दिवसाचं वाळवंट हातचं गेलं. विमान मुंबई किंवा दक्षिणेतलं मागा, आणि जमलं तर आदल्या संध्याकाळी सांबऱ्याला येऊन मुक्काम करणारं मागा. मुक्कामाचे थोडे जास्त पैसे पडतील, पण सकाळ तुमच्या हातात राहील.

आता विमानाबद्दल. दोन माणसांसाठी जेटची गरज नाही. सरळ रेषेत बेळगाव ते जैसलमेर सुमारे १,३०० किलोमीटर भरतं. किंग एअर बी-२०० सारखं दोन इंजिनांचं टर्बोप्रॉप, म्हणजे पंख्यांचं विमान, ते पावणेतीन-तीन तासांत कापतं, छोटं जेट दोन तासांत. वाचलेल्या त्या एका तासासाठी दर तासाचा भाव बराच वाढतो. शिवाय जेट ४० हजार फुटांच्या आसपास जातं आणि तिथून नदी म्हणजे नुसती रेघ दिसते. टर्बोप्रॉप २५ हजारांच्या जवळपास असतं, चढता-उतरताना बराच वेळ खालून जातं. सहल बघण्यासाठी आहे तर हेच बरं. एका इंजिनाची विमानं स्वस्त पडतात, चांगलीही असतात, पण इतक्या लांबच्या पल्ल्याला वयस्क माणसांना पाठवताना मी दोन इंजिनं आणि दोन वैमानिक हाच आग्रह धरतो.

या विमानाची एक गोष्ट आईंसाठी आत्ताच सांगून ठेवतो. किंग एअरच्या आत उंची साधारण १४५ सेंटिमीटर असते. म्हणजे आत शिरल्यावर वाकूनच आसनापर्यंत जावं लागतं. दाराला चार-पाच अरुंद, उभ्या पायऱ्या असतात. छोट्या जेटमध्येही फार वेगळं नसतं. ताठ उभं राहता येईल अशी केबिन मध्यम जेटमध्ये मिळते, पण त्याचं भाडं ऐकून तुम्हीच नको म्हणाल. गुडघ्यांना पायऱ्या चार असोत की चाळीस, पहिलीच अवघड असते. ऑपरेटरला, म्हणजे विमान भाड्याने देणाऱ्या कंपनीला, आधी सांगा की आईंना हात द्यायला माणूस लागेल, पायरीखाली ठेवायला पक्कं स्टूल लागेल, आणि दाराजवळचं आसन द्या. स्वच्छतागृह म्हणजे बहुधा पडद्यामागची लहानशी जागा. तीन तासांचा प्रवास आहे, तेव्हा निघण्याआधी टर्मिनलवर जाऊन येणं चांगलं. हे बोलायला लोक संकोचतात आणि मग आईच प्रवासभर पाणी पीत नाहीत. तसं होऊ देऊ नका.

बाबांच्या बीपीची काळजी करू नका. गोळीने ताब्यात असलेला बीपी सहसा अडचण करत नाही. विमान २५ हजार फुटांवर असलं तरी आतला दाब राखलेला असतो, हवा साधारण उटीच्या उंचीवर असते तशी. पण अलीकडे हृदयाचा त्रास झालेला असला, डोळ्याच्या पडद्याचं ऑपरेशन करून आत वायू भरलेला असला, किंवा फुप्फुसाचा जुना आजार असला, तर डॉक्टरांनी स्पष्ट हो म्हटल्याशिवाय तिकडे वळू नका. सर्दीने नाक गच्च असेल तर उतरताना कान असह्य दुखतात. निघण्याच्या आठवड्यात दोघांनाही लग्नाच्या पंगतीत आईस्क्रीमपासून लांब ठेवा.

खर्चाचा हिशेब नीट समजून घ्या, इथेच लोक फसतात. तुम्ही विमानाचं भाडं तासाला देता, माणशी नाही. आणि तास मोजले जातात ते विमान आपल्या घरून निघून परत घरी पोचेपर्यंतचे. विमान मुंबईचं धरा. मुंबई-बेळगाव १ तास, बेळगाव-जैसलमेर ३ तास, परत येताना ३, आणि शेवटी बेळगाव-मुंबई १. एकूण ८ तास, यातले २ तास विमान रिकामं उडतंय. हे झालं विमान जैसलमेरला दोन रात्री थांबवलं तर. ते तुम्हाला सोडून मुंबईला परत गेलं आणि तिसऱ्या दिवशी न्यायला आलं, तर जैसलमेर-मुंबई जाऊन-येऊन आणखी ४ तास. म्हणजे १२. समजण्यापुरता तासाला सव्वा लाखाचा भाव धरू. थांबवलं तर १० लाख, सोडून दिलं तर १५ लाख. वर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ११ लाख ८० हजार की १७ लाख ७० हजार. तुम्हाला मिळेल तो भाव मोसमाप्रमाणे वेगळा असेल, हिशेबाची रीत हीच. थांबवताना विमान उभं करण्याचं शुल्क, वैमानिकांचं हॉटेल, जेवण, गाडी हे वर येतं. काही ऑपरेटर रोज दोन तासांचं किमान भाडं लावतात, विमान उडो वा न उडो. मधल्या पूर्ण दिवसाचे हे दोन तास बिलात धरलेत का, ते आधी लेखी घ्या. ते धरूनही थांबवणंच स्वस्त पडतं, हे वरच्या आकड्यांत दिसेल.

थांबवायला जागा मिळाली पाहिजे, ही खरी मेख. जैसलमेरचा विमानतळ भारतीय वायुसेनेच्या तळावर आहे. धावपट्टी वायुसेनेची आणि नागरी टर्मिनल एका बाजूला. तिथे उतरायची परवानगी आधी काढावी लागते, वेळ ठरवून घ्यावी लागते, आणि सरावासाठी किंवा आणखी कशासाठी तळाला तुमची वेळ नको असेल तर ती बदलते. त्यावर वाद घालता येत नाही. घालूही नये. रात्री विमान उभं करायची परवानगी मिळाली नाही तर ऑपरेटर ते अहमदाबादला नेऊन ठेवील. तासाभराचं अंतर आहे, म्हणजे जाऊन-येऊन दोन तास वाढले. करार करताना एकच विचारा: जैसलमेरला रात्रीची जागा न मिळाल्यास वाढीव तासांचे पैसे कुणाचे? उत्तर कागदावर घ्या.

या परवानगीसाठी दोघांची नावं आधारवर आहेत तशी, अक्षर न बदलता द्या. लग्नाआधीचं नाव एका कागदावर आणि नंतरचं दुसऱ्यावर असं आपल्याकडच्या बायकांच्या बाबतीत सर्रास असतं. सीमाभागात तर कागद एक कन्नडमधून इंग्रजीत आलेला आणि दुसरा मराठीतून, आडनावाचं स्पेलिंग दोन तऱ्हांचं. आईंचं हे सगळ्यात आधी तपासा. ऐनवेळी सोबत कुणी परदेशी पासपोर्टवाला भाचा-पुतण्या घ्यायचा विचार असेल तर तो सोडा, किंवा कित्येक आठवडे आधी सांगा. लष्करी तळावर परदेशी नागरिकाला वेगळी मंजुरी लागते. सीमेवरची परिस्थितीही लक्षात असू द्या: २०२५ च्या मे महिन्यात उत्तर आणि पश्चिम भारतातले ३२ विमानतळ काही दिवस नागरी विमानांसाठी बंद होते, त्यात जैसलमेर होतं. म्हणून रद्द झाल्यास किती पैसे परत, ही अट वाचल्याशिवाय आगाऊ रक्कम देऊ नका.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. कुठल्यातरी ओळखीच्या उद्योगपतीचं विमान रिकामं उभं आहे, निम्म्या भावात देतो, असं सांगणारा मध्यस्थ भेटेल. नको म्हणा. आपल्या देशात भाडं घेऊन माणसं न्यायची तर ऑपरेटरकडे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचं, म्हणजे डीजीसीएचं, नॉन-शेड्यूल्ड ऑपरेटर परमिट लागतं. खाजगी वापराच्या विमानात पैसे घेऊन प्रवासी बसवता येत नाहीत. बसवले आणि काही झालं, तर विमा कंपनी हात वर करू शकते. परमिट असलेल्या ऑपरेटरला वैमानिकांच्या कामाचे तास, प्रशिक्षण, देखभाल यांचे जास्त कडक नियम लागू असतात आणि त्यांची तपासणी होते. तुमच्या आई-बाबांचा जीव त्या नियमांवर आहे, गादीच्या कातड्यावर नाही. परमिटधारकांची यादी डीजीसीएच्या संकेतस्थळावर असते. विमानाच्या शेपटीजवळ व्हीटी ने सुरू होणारी नोंदणीची अक्षरं असतात. ती आधी मागून घ्या, त्याच परमिटवर ते विमान आहे का बघा, आणि सकाळी विमानतळावर दुसरंच विमान उभं दिसलं तर त्याचीही अक्षरं विचारा. मला सीमाभागातली एक सहल माहीत आहे, जिथे मध्यस्थाने अगदी शेवटच्या दिवशी असं विमान बदललं. त्या घरातल्या मोठ्या सुनेने कागद मागितले, ते मिळाले नाहीत, आणि तिने सरळ सगळ्यांना घरी नेलं. आगाऊ रक्कम बुडाली. तिने केलं ते शंभर टक्के बरोबर होतं.

आता आनंदाचा भाग. दोघांनाही निघताना डाव्या खिडकीशी बसवा. विमानाची दिशा उत्तर-वायव्य असते, सकाळचा सूर्य उजवीकडे, त्यामुळे डावीकडे डोळ्यांवर ऊन येत नाही आणि बघायचं बरंचसं त्याच बाजूला आहे. हवाई मार्ग थोडाफार वळतो, पण नकाशावर सांबऱ्याहून जैसलमेरला पट्टी लावून रेघ मारा. ती संकेश्वरावरून जाते, निपाणीला जराशी डावीकडे ठेवते, मग कोल्हापूर, पुणे, सुरत, अहमदाबादच्या पश्चिमेकडून बाडमेर आणि पुढे जैसलमेर. सुटल्यावर थोड्याच मिनिटांत उजवीकडे हिडकलचं पाणी, मग डावीकडे तुमचं गाव. वैमानिकाला आधी सांगून ठेवलंत तर तो आपण होऊन सांगेल, आत्ता बघा म्हणून. मी हे खूपदा केलंय. माणूस जग बघायला निघालेला असतो, पण आपलं घर, आपला रस्ता, आपल्या गावचा तलाव वरून ओळखता आला की त्याचा चेहरा बघण्यासारखा होतो. पुढे सह्याद्रीची कड, धरणांची पाणी, स्वच्छ दिवशी पलीकडे समुद्र. सुरतेजवळ तापीचं मुख, मग खंभातच्या आखाताचा गढूळ तपकिरी रंग. तो बघायला विसरू नका म्हणावं. त्यानंतर हिरवं हळूहळू सुटतं. डावीकडे लांब कच्छच्या छोट्या रणाचा पांढरा पट्टा, आणि बाडमेर ओलांडलं की मातीचा रंग फिकट होत जातो. आपली काळी माती ते वाळू, हा बदल तीन तासांत डोळ्यांसमोरून सरकताना रेल्वेने किंवा मोठ्या विमानाने दिसत नाही.

उतरताना मोबाइल खिशात. तळाचे, धावपट्टीचे, उभ्या विमानांचे फोटो काढायला मनाई आहे. मे २०२५ मध्ये पश्चिम सीमेजवळच्या लष्करी तळांवर चढता-उतरताना १० हजार फुटांखाली खिडक्यांचे पडदे बंद ठेवायचा आदेश निघाला होता. त्या वेळी जो नियम असेल तो वैमानिक सांगतील, तो पाळायचा. ड्रोन तर घरीच ठेवा. बाबांना हे समजावून सांगायची गरज पडणार नाही.

त्याच धावपट्टीबद्दल बाबांना एक गोष्ट माहीत असेल, आईंना सांगा. ४ डिसेंबर १९७१ च्या रात्री लोंगेवालाच्या चौकीवर २३ पंजाबच्या अल्फा कंपनीचे सुमारे १२० जवान होते, मेजर कुलदीपसिंग चांदपुरी त्यांचे अधिकारी. समोरून पाकिस्तानचे रणगाडे आले. जैसलमेरला वायुसेनेची हंटर विमानं होती, पण रात्री हल्ला करण्याची सोय त्यांच्यात नव्हती. चौकीने रात्रभर तग धरला, उजाडलं आणि हंटर जैसलमेरहून उडाली. वाळूत उघड्यावर सापडलेले रणगाडे मग त्यांनी एकामागून एक टिपले. चांदपुरींना महावीरचक्र मिळालं. म्हणजे तुमचं विमान ज्या तळावर टेकेल तिथूनच ती उडाली होती. बाबांसाठी लोंगेवाला तिथेच सुरू होतं.

जैसलमेरहून लोंगेवाला आणि तनोट साधारण १२० किलोमीटर. रस्ता सरळ आणि चांगला. हा पूर्ण एक दिवस धरा, तो मधला दिवस. सकाळी लवकर निघा, आधी तनोटमातेचं देऊळ, परतताना लोंगेवालाचं युद्ध संग्रहालय. देऊळ सीमा सुरक्षा दल सांभाळतं. पाकिस्तानने टाकलेले आणि न फुटलेले तोफगोळे तिथे मांडून ठेवलेत. तनोटच्या पुढे प्रत्यक्ष सीमेपर्यंत जायचं असेल तर दलाचा पास लागतो, तो आधी काढावा लागतो. आईंना देवीची ओटी भरायची असेल तर सुकं खोबरं सामानात घालू नका, विमानाच्या सुरक्षा तपासणीत ते काढून घेतात. नारळ-खोबरं तिकडेच घ्या. तारीख ५ डिसेंबरच्या आसपास येत असेल तर तिथे लष्करी कार्यक्रम असू शकतात, आठवडाभर पुढे सरकलेलं बरं.

पहिल्या दिवशी दुपारी पोचल्यावर काहीही मोठं ठरवू नका. जेवण, विश्रांती, संध्याकाळी गडीसर तलाव. जैसलमेर आपल्यापेक्षा बरंच पश्चिमेला आहे, डिसेंबरात तिथे सूर्य सव्वासातच्या सुमारास उगवतो. पहाटे उठायच्या सवयीच्या माणसांना खोलीत बसून कंटाळा येतो, चहाची सोय विचारून ठेवा. थंडीचं सांगायलाच हवं: दुपारी ऊन बरं वाटतं, पण रात्री पारा दहाच्या खाली उतरतो. आपल्या बेळगावच्या थंडीचा स्वेटर पुरणार नाही. कानटोपी, लोकरीचे मोजे, आईंच्या गुडघ्यांना गरम पट्टे.

किल्ला तिसऱ्या दिवशी सकाळी. ११५६ साली रावळ जैसलने वसवलेलं हे गाव. पिवळ्या वालुकाश्माचा किल्ला त्रिकूट टेकडीवर आहे, आणि आजही त्यात लोक राहतात. २०१३ पासून राजस्थानच्या डोंगरी किल्ल्यांबरोबर तो जागतिक वारशात आहे. आतली जैन मंदिरं आईंना नक्की आवडतील. दगडात जाळी कशी कोरतात ते बघायचं असेल तर पटव्यांची हवेलीही बघावी, ती किल्ल्याखाली गावात आहे. किल्ल्याचा चढ घोटीव दगडांचा आणि निसरडा, तेव्हा वरपर्यंत रिक्षा करा. मुक्कामाला मात्र किल्ल्यात उतरू नका. तिथली हॉटेलं खिडकीतून सुंदर दृश्य देतात, पण नळाचं पाणी आल्यापासून सांडपाणी टेकडीत मुरतं आणि पायाखालची माती खचते. काही बुरूज याच कारणाने ढासळलेत. पाण्याविना उभ्या राहिलेल्या त्या किल्ल्याला आपल्या अंघोळीचं पाणी पाजायला नको. किल्ला समोर दिसेल अशी हॉटेलं खाली गावात पुष्कळ आहेत.

वाळूच्या टेकड्यांसाठी लोक सम ला जातात, ४० किलोमीटर. तिथे डिसेंबरात जीप, ढोल आणि गर्दी. मला खुहडी जास्त आवडतं, अंतर तेवढंच आणि बरंच निवांत. पण तनोटच्या दिवशी संध्याकाळी तिकडे नेऊन आईंना दमवू नका. एवढ्यासाठीच मी म्हणेन, जमत असेल तर एक रात्र वाढवा. विमान आधीच थांबलेलं आहे, वाढतो तो मुक्कामाचा आणि असलं तर त्या दिवसाच्या किमान भाड्याचा खर्च. मग एक अख्खी संध्याकाळ वाळूवर घालवता येते, मांगणियार गवयांचा कमायचा, म्हणजे त्यांचं तंतुवाद्य, ऐकता येतो. उंटावर आईंना बसवू नका. उंट उठताना मागचे पाय आधी उचलतो, माणूस पुढे झुकतो आणि सगळा भार गुडघ्यांवर आणि कमरेवर येतो. उंटगाडी मिळते, ती घ्या. आणि वाटेत उंच, तुरेवाला पक्षी दिसलाच तर गाडी लांब थांबवा. तो गोडावण, आपला माळढोक. सोलापूरच्या नान्नजला तो जवळपास दिसेनासा झाला, तिकडेही वीजतारांना धडकून मरतोय. जवळ जायला ड्रायव्हरला भरीस घालू नका.

परतीला दुपारी उशिरा निघायचा मोह होईल. बारा-साडेबाराला सुटा. तीन-साडेतीनपर्यंत सांबरा, आणि मधे काही घोळ झाला तरी उजेड शिल्लक राहतो. पोखरणला सराव असला की काही वेळ हवाई क्षेत्र बंद असतं, वळसा पडतो किंवा थांबावं लागतं. प्रत्येक उड्डाणाला हवाई संरक्षणाचा मंजुरी क्रमांक लागतो, तो हातात पडेपर्यंत वैमानिक चाकं हलवत नाही. अर्धा-पाऊण तास असाच गेला तर बाबांना म्हणावं, ऑपरेटरला फोन करून घाई करायला लावू नका. वैमानिकावर घरच्या मंडळींचा दाब येणं ही आमच्या धंद्यातली सगळ्यात वाईट गोष्ट. तो म्हणाला आज नाही, तर आज नाही. एका रात्रीचं हॉटेल वाढलं, एवढंच. त्यासाठी दोन दिवसांची औषधं जास्तीची द्या आणि ती हातातल्या पिशवीत ठेवा.

परततानाही आसनं डावीकडचीच ठेवा. दुपारचा सूर्य उजवीकडे असतो आणि डावी बाजू आता पूर्वेची होते. समुद्र परत बघायचाच असेल तर उजवीकडे, काळा चष्मा लावून.

सामान मऊ पिशव्यांत भरा. कडक मोठ्या बॅगा छोट्या विमानाच्या मागच्या जागेत बसत नाहीत. ऑपरेटर दोघांचं आणि सामानाचं वजन विचारील, ते खरं सांगा. आकडा चुकला तर इंधनाचा आणि समतोलाचा हिशेब चुकतो. दोनच माणसं असल्यामुळे कुंद्याचे चार डबे आणि परतीला घोटुआ लाडू यांना जागा आरामात मिळेल. डब्यांचं वजनही त्यात धरा.

आता क्रम असा ठेवा: आज अधिवेशनाच्या तारखा बघा, मग दोघांच्या आधारवरची नावं जुळवा, मग परमिट असलेल्या तीन ऑपरेटरांकडून सांबरा आणि कोल्हापूर दोन्हीचे, विमान थांबवून धरलेले लेखी भाव मागवा. जैसलमेरच्या परवानगीसाठी त्यांना महिनाभर तरी हातात द्या.